सीट उपसा, मग बोला

इंग्लंडमधल्या जुन्या बाजारात, सामानाच्या गर्दीत भिंतीला टेकवून ठेवलेली १९७० च्या दशकातली रेसिंग सायकल. रंग उडालेला, टायर फुटलेले, हँडलची टेप लोंबतेय. पण सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्सचा स्टिकर अजून शाबूत आहे आणि त्यावर ‘५३१’ हा आकडा वाचता येतो. हौशी गिऱ्हाइकाचा हात आपसूक खिशाकडे जातो. मुरलेलं गिऱ्हाईक मात्र आधी पाना मागतं, सीटचा बोल्ट सैल करतं, सीट दांड्यासकट उपसून काढतं आणि दांड्यावर कोरलेला बारीक आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचतं. २७.२ निघाला तर घासाघीस सुरू करायला हरकत नाही.

हिशेब अगदी शाळेतला आहे. इंग्लिश आणि इटालियन रेसिंग सायकलींत सीटची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर असते. त्यातून २७.२ वजा केले की उरले १.४. ते नळीच्या दोन्ही बाजूंना वाटले तर पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरचा. इतकी पातळ नळी टिकायची तर पोलाद उत्तम प्रतीचंच लागतं. दांडा २५.४ चा निघाला, तर पत्रा दीड मिलिमीटरच्या पुढे; म्हणजे साधं पोलाद, पाण्याच्या पाइपाचं चुलत भावंड. मात्र आधीच्या मालकाने बारीक दांडा पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलेला असू शकतो, म्हणून व्हर्नियर कॅलिपर थेट नळीच्या तोंडाशी लावलेला बरा. फ्रेंच सायकलींची गोष्ट वेगळी. तिथे नळीच २८ मिलिमीटरची, त्यामुळे २६.४ चा दांडाही उत्तम फ्रेमची खूण ठरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भारी पोलाद हलकं नसतं आणि जास्त ताठही नसतं. वजन आणि ताठपणा या बाबतीत सगळी पोलादं जवळपास सारखीच. फरक असतो तो मजबुतीत. मजबूत पोलादाची नळी पातळ काढता येते आणि तिथेच वजन वाचतं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्येच टोकांशी जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं होतं. जोडाच्या जागी ताण जास्त आणि झाळण्याची धगही तिथेच, म्हणून जाडी तिथे ठेवायची. १९३५ साली मँगनीज-मॉलिब्डेनमचं ५३१ आलं. पुढे इटलीत मिलानच्या कोलंबसचा ‘एसएल’ संच त्याच तोडीचा मानला गेला. त्याच्या मुख्य नळ्या टोकांशी ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर.

मग स्टिकर खोटा असतो का? सहसा नाही, पण तो अर्धंच सांगतो. काही स्टिकर संपूर्ण फ्रेम, चिमटा आणि मागच्या बारीक नळ्या धरून हमी देतात. काही फक्त तीन मुख्य नळ्यांची. रॅलेची ‘सुपर कोर्स’ या दुसऱ्या जातीची: मुख्य नळ्या ५३१ च्या, बाकी साध्या पोलादाचं. सायकल वाईट नव्हे, पण किंमत संपूर्ण ५३१ ची द्यायची नाही. पूजोच्या बाबतीत नावाने आणखी घोटाळा होतो. ‘पीएक्स-१०’ ही खरी शर्यतीची, दहा किलोंच्या आसपासची. ‘यूओ-८’ तिच्याच घराण्यातली, लांबून तशीच दिसणारी, पण साध्या पोलादाची आणि सुमारे तीन किलोंनी जड. क्रँक खिट्टीने बसवलेला आणि लोखंडी दिसला की ओळखावं, ही धाकटी.

यानंतर मागच्या चाकाशी खाली बसायचं. चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती पट्टी, म्हणजे ड्रॉपआउट, हीच खर्च वाचवायची कारखानदारांची आवडती जागा. स्वस्त सायकलीत ती पत्र्यातून ठोकून कापलेली असते, कडा बोथट आणि सपाट; गिअरचा डिरेलर अडकवायला वेगळा पत्र्याचा हुक बोल्टने कसलेला. चांगल्या सायकलीत ती घडाई केलेली, जाड असते, डिरेलरचा कान तिच्यातूनच निघालेला असतो आणि चाक मागेपुढे करायला बारीक स्क्रू असतात. त्यावर कँपान्योलो हे नाव उठवलेलं असेल तर बनवणाऱ्याने हात आखडला नव्हता, एवढं नक्की.

जोड मात्र कारागीर दाखवतात. नळ्या ज्या खोबणीच्या तुकड्यांत बसवतात ते ‘लग’ हाताने घासून कडा पातळ केलेले आहेत का, पितळेची झाळ कडेपर्यंत सारखी पसरलीय की मधेच फट राहिलीय, हे बोट फिरवून कळतं. झाळणाऱ्याने धग जास्त दिली तर ५३१ ठिसूळ होतं, आणि ते रंगाखाली दिसत नाही. इथे नावाची भीड ठेवू नये. सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची लाट आली. १९७३ या एका वर्षात तिथे दीड कोटीच्या वर सायकली खपल्या. मागणी पुरवताना युरोपातल्या नामांकित कारखान्यांतही झाळकाम घाईचं झालं. त्याच दशकातल्या मियाता, फुजी वगैरे जपानी सायकलींना तेव्हा कुणी फारसा मान दिला नाही, पण त्यांचे जोड पाहिले की नावाला भाळलेल्या माणसाची कीव येते.

अपघाताची खूण तिरक्या नळीच्या पोटाशी, हँडलच्या डोक्यापासून दोन-तीन बोटांवर सापडते. तिथे रंगाला आडव्या भेगा असतील किंवा अंगठ्याला उंचवटा लागला, तर ही सायकल कधीतरी समोरून धडकली आहे. मग चिमटाही बहुधा मागे दबलेला असतो. फ्रेम वाकडी आहे का, हे एका दोरीने कळतं. मागच्या एका ड्रॉपआउटपासून दोरी पुढे हँडलच्या डोक्याला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चांगला कारागीर काढून देतो. नळीला मुरड पडली असेल तर ती बदलावी लागते, आणि तो खर्च सायकलीच्या किमतीला मागे टाकतो.

रंगाचं फार मनावर घेऊ नये, तो पुन्हा देता येतो. काळजी आतल्या गंजाची. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरून पायडलच्या आसाभोवती साचतं. फ्रेम उलटी करून हलवावी. थोडा भुगा पडला तर ठीक, पापुद्रे पडले तर पाय काढता घ्यावा. आणि सीटचा ॲल्युमिनियमचा दांडा पोलादाच्या नळीत पक्का धरून बसला असेल, तर सुरुवातीच्या हिशेबालाच अडथळा. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आले की हे होतं. आत मुरणारं तेल आणि धीर यांनी तो सुटला नाही, तर कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळवण्याचा जालीम उपाय करावा लागतो. तो घरच्या मोरीत करण्यासारखा नव्हे.

नॉटिंगहॅमहून आलेल्या रॅले महाराष्ट्रातल्याही अनेक घरांत होत्या. अशी एखादी माळ्यावरून उतरवली, तर पायडलच्या आसाचे जुने कप फेकू नयेत. इतर इंग्लिश सायकलींच्या कपांना इंचाला २४ आटे असत, रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात मात्र २६. दुकानात मिळणारा नवा कप त्यात अर्धा वळसा फिरतो आणि अडकतो. दुकानदाराने जोर लावला तर फ्रेमचे आटे जातात. जुनेच कप रॉकेलमध्ये धुवून, नवे छर्रे घालून परत बसवावेत.