आपल्या बँडपार्टीचा आवाज जपून ठेवा!

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव लागते. अशा गावांतली हौशी बँडपार्टी आपल्या सर्वांच्या ओळखीची. दिवसभर शेतात, बांधकामावर राबणारे हात रात्री विहाराच्या अंगणात जमतात. कुणी क्लॅरोनेट घेतो, कुणी ट्रंपेट, कुणी बडा ढोल, कुणी झांज. १४ एप्रिलची मिरवणूक असो की वस्तीतल्या लेकीचे लग्न, ही मंडळी जीव ओतून वाजवतात.

पण एखादा जुना क्लॅरोनेटवाला आपल्यातून निघून जातो तेव्हा काय उरते? भिंतीवर फोटो उरतो, खुंटीला वाद्य उरते. त्याची फुंक मात्र कुठेच उरत नाही. नातवाने विचारले, "आजोबा कसे वाजवायचे?" तर ऐकवायला घरात काही नसते.

"रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागतो, तेवढा पैसा आपल्याजवळ कुठला?" असे पुष्कळजण म्हणतात. हा समज सोडून द्यावा.

फार्गोची रात्र

ड्यूक एलिंग्टन हे अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय संगीतकार. ज्या देशात कित्येक ठिकाणी काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे, त्या देशात त्यांनी आपला मोठा जॅझ बँड नावारूपास आणला. ७ नोव्हेंबर १९४० रोजी फार्गो या लहानशा शहरातील नाचाच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. जॅक टॉवर्स आणि डिक ब्युरिस हे दोन तरुण तिथे मोजकेच माइक आणि तबकडी कोरण्याचे उचलून नेता येईल असे यंत्र घेऊन पोहोचले. परवानगी आधीच मागितली होती. त्यांनी वाजेल तसे टिपले. लोकांचा गलबला त्यात आला, काही चिजा अर्धवट राहिल्या. एलिंग्टन १९७४ साली गेले. तेच रेकॉर्डिंग पुढे प्रसिद्ध झाले आणि १९८० साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. यंत्र साधे होते, पण त्या रात्रीचा बँड जिवंत राहिला.

बसण्याची जागा हाच मिक्सर

माइक एकच असेल तर बटणे फिरवून आवाज कमीजास्त करता येत नाही. तेव्हा माणसे हलवावीत. उघड्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाचा दाब निम्मा होतो. म्हणून गाणारी बाई आणि क्लॅरोनेट पुढे, ट्रंपेट त्यांच्या मागे आणि बडा ढोल सर्वांत मागे, असे अर्धवर्तुळ करावे. ट्रंपेटचे तोंड थेट माइकवर रोखू नये, आवाज टोचतो. माइक किंवा मोबाईल बांबूला घट्ट बांधून माणसाच्या डोक्याहून उंच धरावा, म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीमागे मागचा झाकला जात नाही.

दोन सारखे माइक मिळाले तर दोन्ही एकाच काठीवर, एकमेकांपासून सुमारे १७ सेंटिमीटरवर, तोंडे दोन बाजूंना वळवून बांधावेत. ही रीत फ्रान्सच्या रेडिओवाल्यांनी रूढ केली. दोन कानांनी ऐकल्यासारखा आवाज येतो.

चालत्या मिरवणुकीत रेकॉर्डिंग करू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रांग ३४ मीटर लांब असेल तर शेवटच्या ढोलाचा ठोका पुढच्या माइकला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो आणि ताल सुटल्यासारखा वाटतो.

हे विसरू नका

टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो. आयाबहिणींनी घरच्या सतरंज्या, गोधड्या आणून भिंतींवर टांगल्या तर मोठा फरक पडतो. बाहेर झाडाखाली वाजवायचे असल्यास भल्या पहाटेची वेळ धरावी, वारा कमी असतो. पंखे बंद करावेत, मोबाईलवर मधेच फोन येणार नाही अशी सोय करावी. वीज गेली तरी अडू नये म्हणून बॅटरी भरून ठेवावी.

सर्वांत जोरात वाजणारा भाग आधी वाजवून पाहावा. कॅसेटच्या काळात खरखर झाकण्यासाठी काटा लाल रेघेपर्यंत चढवत. आताच्या यंत्रात तसे करू नये. आवाज एकदा फाटला की तो सांधता येत नाही, कमी आलेला मात्र नंतर वाढवता येतो. अर्धा मिनिट टिपून इयरफोन लावून ऐकावे, माणसे हलवावीत, पुन्हा ऐकावे. हे काम घरातल्या शाळकरी मुलीकडे सोपवा, ती मन लावून करील.

आणि सुरुवातीला गाव, तारीख, कोण काय वाजवतो ते सर्वांची नावे घेऊन बोलावे. वामनदादा कर्डकांसारखे गायक गावोगाव फिरून गायले, तेव्हा त्यांच्यामागे ढोलकी कुणी धरली, पेटी कुणी वाजवली, ही नावे कुणी लिहून ठेवली? आपल्या वस्तीत तसे होऊ देऊ नका. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या घरांत ठेवा.

येत्या जयंतीची तालीम सुरू होईल तेव्हा एक रात्र यासाठी काढा. वाट पाहू नका. तुमच्या पार्टीतला सर्वांत वयस्क वादक आज वाजवतो आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.