मक्याला खत टाकले, पण पिकाने खाल्ले किती?

सिल्लोड-कन्नड पट्ट्यात मृगाचा पाऊस झाला की मक्याची टोकणी सुरू, आणि दुकानापुढे युरियाची रांगही. पेरणीतच दोन गोण्या टाकल्या की शेतकरी निश्चिंत! पण पहिल्या महिन्यात मक्याची मुळे ती केवढी? एवढे नत्र खाणार कोण? पाऊस लागून राहिला की ते मुळांखाली झिरपते, पाणी साचले की हवेत उडते. मक्याला खरी भूक लागते ती पीक गुडघ्याएवढे झाल्यापासून तुरा येईपर्यंत. तेव्हा जमीन रिकामी! खालच्या पानांचा शेंडा पिवळा पडून पिवळेपणा मधल्या शिरेने देठाकडे सरकू लागला, की नत्र संपले समजा.

संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद व ४० पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. एकरी हिशोब केला तर डीएपीची एक गोणी, पोटॅशची अर्धी गोणी आणि युरिया सुमारे ८५ किलो, म्हणजे आजच्या ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या. त्यातला पेरणीत फक्त १५ किलो युरिया द्या. उरलेला ३० व ४५ दिवसांनी, ओल असताना, निम्मा निम्मा. खर्च तोच, पण पिकाच्या पोटात जास्त जाते.

स्फुरदाची गोष्ट निराळी. चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याशी बांधले जाते. जमिनीत असून पिकाला नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) आम्ल सोडून ते मोकळे करतात, तर ॲझोटोबॅक्टर हवेतले नत्र धरतो. पण या जिवाणूंना खायला सेंद्रिय कर्ब लागतो. शेणखत नसलेल्या रानात पाकीट टाकणे म्हणजे बैलाला वैरण न घालता औताला जुंपणे. आणि नुसत्या पाकिटावर मक्यासारख्या खादाड पिकाचे भागत नाही, हेही खरे.

शेणखत मात्र कुजलेलेच हवे. कच्चे टाकले तर ते कुजवणारे जिवाणूच जमिनीतले नत्र ओढतात, आणि शेणखत घालूनही मका पिवळा का, म्हणून आपण डोके खाजवत बसतो. उकिरड्याऐवजी नाडेप टाकी बरी. ती रोजगार हमीतून घेता येते. ग्रामपंचायतीने गावात सांगायला हवे.

हल्ली संकरित बियाणे औषध लावूनच येते, त्यामुळे जिवाणू बियाण्याला न चोळता एकरी दोन-दोन किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावेत. युरियात कालवू नयेत, नाहीतर मरतात.