वर्गातील मत्स्यपात्र, पाणवनस्पती आणि कर्बवायू

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा आपला दक्षिणेकडील ओघ सोडून उत्तरेकडे वळते, हे महाशिवरात्रीच्या यात्रेस गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु त्याच नदीच्या पाण्यातील आणखी एक गोष्ट त्यांच्या निदर्शनास आणण्याजोगी आहे. आषाढ-श्रावणात पाणी गढूळ असते, तेव्हा तळाशी प्रकाश पोहोचत नाही व तेथे वनस्पतींची वाढ खुंटते. पाणी निवळले म्हणजे उथळ काठाशी त्या पुन्हा जोम धरतात. वनस्पतींचे अन्न जो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पुस्तकांतील कर्बवायू, तो गढूळ पाण्यातही असतोच. उणीव असते ती प्रकाशाची.

वर्गात मत्स्यपात्र ठेवणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्य खात्याकडून मिळतात. हायड्रिला किंवा फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया गावच्या बोडीत अथवा मामा तलावात सापडते. पात्र तयार होते आणि वर्गाच्या कोपऱ्यात फळीवर विराजमान होते. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडू लागतात. मग कोणी तरी सांगते की, वनस्पतींस कर्बवायू कमी पडतो, तो बाहेरून पुरवावा.

हा सल्ला अगदीच निराधार नाही. हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात २५ अंश सेल्सिअस तापमानास लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम एवढाच कर्बवायू विरघळलेला असतो. शिवाय हवेपेक्षा पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे पानालगतचा साठा लवकर संपतो. भरपूर उजेडात जोमाने वाढणाऱ्या वनस्पतीस ही अडचण खरोखरच जाणवते. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया यांनी त्यावर उपायही शोधला आहे. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांतून त्या आपला कर्ब मिळवू शकतात.

मंद उजेडात मात्र हिशेब बदलतो. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ साली दाखवून दिले की, अनेक गोष्टींवर अवलंबून असणाऱ्या क्रियेचा वेग त्यांपैकी जी सर्वांत अपुरी असेल तिच्यावर ठरतो. चुलीत लाकूड ओले असता वरच्या भांड्यात तांदूळ वाढवून भात लवकर शिजत नाही, तसेच हे आहे.

मुलांकडून याची प्रचीती घेता येते. एकसारख्या चार बाटल्या स्वच्छ पाण्याने भराव्या. प्रत्येकीत हायड्रिलाची समान लांबीची ताजी डहाळी, कापलेले टोक वर करून, बुडवावी. दोन बाटल्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. सोड्याची एक व साध्या पाण्याची एक अशी जोडी ओसरीवर, तर दुसरी जोडी वर्गाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. दहा मिनिटांनी कापलेल्या टोकातून निघणारे बुडबुडे मिनिटाला किती, ते मुलांनी मोजावे. ओसरीवर सोड्याच्या बाटलीत बुडबुडे बहुधा अधिक दिसतील. कोपऱ्यात दोन्हींत ते तुरळकच असतील व सोड्याने फारसा फरक पडणार नाही. हा प्रयोग मासे नसलेल्या पाण्यातच करावा.

बाहेरून वायू देण्याचा धोका प्रस्तुत लेखकाने स्वतः अनुभवला आहे. साखर, पाणी व यीस्ट यांची बाटली नळीने पात्रास जोडून मी सायंकाळी घरी गेलो. (मोहफुलांच्या सडव्यातून जे बुडबुडे येतात, तोच हा वायू, मुलांना हे उदाहरण द्यावे की न द्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे.) सकाळी वर्ग उघडला तो काही मासे मेलेले आणि उरलेले पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकीत होते. मुलींनी त्यांना नावे ठेवली होती. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते. वनस्पतीही माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात व कर्बवायू सोडतात. यीस्ट मात्र अंधारातही थांबत नाही. पाण्यात कर्बवायू फार झाला म्हणजे माशांच्या रक्तातील तो कल्ल्यांवाटे बाहेर पडेनासा होतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते.

मंद उजेडाच्या पात्रास वेगळा पुरवठा लागतच नाही. माशांचा श्वास, तळाची कुजणारी पाने आणि मोकळा पृष्ठभाग यांतून होणारी आवक पुरेशी असते. तळाशी धुतलेल्या नदीच्या वाळूखाली बोडीचा थोडासा गाळ, एक-दोन चमचेच, घालावा. अधिक घातल्यास तो कुजताना प्राणवायू खाऊन टाकील. पात्राचे तोंड रुंद असावे व ते घट्ट झाकू नये. दहा लिटर पाण्यात चार-पाच गप्पींहून अधिक नसावेत.

पात्र खिडकीजवळ ठेवावे, परंतु थेट उन्हात नव्हे. आपल्याकडील चैत्र-वैशाखात पाणी लवकर तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पावसाळ्यात सलग झड लागून पाने फिकी पडली, तर वनस्पती फेकून न देता पात्रच काही दिवस ओसरीवर आणावे. पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसल्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी असेल तर ते आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावे.