केडगावची मुक्ती: एका मिशनची घडण

केडगावचे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन ही पुणे जिल्ह्यातील जुनी ख्रिस्ती धर्मादाय संस्था आहे. निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा, शिक्षण आणि हाताला काम देण्यासाठी ती उभी राहिली. जिल्ह्याच्या पूर्वेकडचा दौंड तालुका पर्जन्यछायेत येतो. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव स्थानकाजवळच्या या कोरड्या भागात पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तिथे फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर पुण्यातली आपली शाळा चालवावी, एवढाच तेव्हाचा बेत होता. मिशन काढण्याचा विचार नंतरचा. या संस्थेचा आराखडा आधी कागदावर ठरला आणि मग इमारती उभ्या राहिल्या, असे झाले नाही. एक वाद आणि दोन दुष्काळ यांनी तिला आकार दिला.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलांना संस्कृत शिकवले आणि पुराणे सांगत कुटुंबासह देशभर तीर्थाटन केले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या उपासमारीत आई-वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई भाऊ श्रीनिवासासह पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला आणि १८८२ मध्ये पटकीने पतीचेही निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. संस्कृत जाणणारी, उपाशी राहिलेली, विधवा झालेली, असे तिन्ही अनुभव एकाच बाईच्या वाट्याला आलेले असल्याने पुढच्या संस्थेत दया दाखवण्याचा सूर कमी आणि कामाचा आग्रह जास्त राहिला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना त्याच वर्षी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारला म्हणून धर्मपीठाची हुकमत त्यांनी स्वीकारली नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी आपली नाराजी स्पष्ट शब्दांत कळवली. ख्रिस्ती संघटनांत दोन घडणी ढोबळमानाने दिसतात. एका प्रकारात शाळा, दवाखाना, अनाथालय थेट एखाद्या चर्चच्या किंवा धर्मसंघाच्या अधिकाराखाली असते आणि वरचा शब्द बिशपाचा किंवा संघप्रमुखाचा असतो. दुसऱ्या प्रकारात संस्था स्वतंत्र असते. तिची श्रद्धा ख्रिस्ती, पण कारभार तिच्या स्वतःच्या मंडळाकडे. केडगावचे मिशन कोणत्याच एका पंथाच्या छत्राखाली गेले नाही, याचे मूळ या इंग्लंडमधल्या पत्रापत्रीत आहे.

संस्थेसाठी पैसा मात्र अमेरिकेतून आला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि व्याख्याने देत देशभर फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. निरनिराळ्या शहरांत तिची वर्गणी गोळा करणारी मंडळे निघाली. करार असा होता की, दहा वर्षे असोसिएशन खर्च उचलेल आणि विधवांची शाळा धर्मनिरपेक्ष राहील. मुलींवर कोणताही धर्म लादला जाणार नाही. या अटीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. मुलींना आपापले जातिनियम, सोवळे-ओवळे आणि देवपूजा पाळायला मोकळीक होती.

ही घडण चार वर्षेच टिकली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. ‘केसरी’ने त्यावर टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की, आपण कोणावर जबरदस्ती करीत नाही. पण आपली श्रद्धा लपवून दार लावूनही बसणार नाही. पालकांची बाजूही खोटी नव्हती. त्यांनी मुली सोपवल्या होत्या त्या धर्मनिरपेक्ष शाळेच्या वचनावर, आणि निराधार मुलीवर तिला वाढवणाऱ्या बाईच्या श्रद्धेची छाप न सांगताही पडते. या वादातून पुण्याला एक फायदा झाला, तो सहसा नोंदला जात नाही. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्येच विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आपला आश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला. विधवांना शिकवायचे, पण हिंदू समाजाचा विश्वास न गमावता, ही कर्व्यांच्या संस्थेची घडण शारदा सदनाच्या अनुभवातून धडा घेतलेली होती.

१८९६-९७ च्या दुष्काळाने सगळेच बदलले. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचवलेल्या सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता आणि नव्या माणसांना शहरात ठेवण्यावर निर्बंध होते. मग या मुलींची राहण्याची सोय केडगावच्या बागेत झाली: आधी तात्पुरत्या झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उभे राहिले. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपत आली होती, म्हणून रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि तिथली समिती नव्याने बांधली गेली. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदन आणि मुक्ती सदन यांच्यातला फरक इथे नीट पाहायला हवा. शारदा सदनात पालकांनी पाठवलेल्या, बहुतेक उच्चवर्णीय, विधवा होत्या. मुक्तीत सर्व जातींच्या, ज्यांचे कोणी उरले नाही अशा मुली होत्या. आता धर्मनिरपेक्षतेची अट घालणारे देणगीदार नव्हते आणि मुलीचा हात धरून तिला परत नेणारा बापही नव्हता. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती झाली, त्यात रमाबाईंच्या श्रद्धेइतकाच या परिस्थितीचाही वाटा होता. १९०५ मध्ये तिथे जे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत झाली.

गरज पडेल तशी दालने वाढत गेली. शारदा सदन हा शाळेचा भाग. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि दुर्बल बायकांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवत. रोजचा दिवस प्रार्थना, शाळा आणि काम यांत वाटलेला असे. शेती, गाईगुरे, दूध, हातमाग, तेलाचा घाणा, शिवणकाम, पाव भाजणे, धुलाई, छपाई आणि पुस्तकबांधणी, यांपैकी जे जमेल ते प्रत्येकीने शिकायचे. यातून वस्तीचा बराच खर्च भागे. पण खरा हेतू वेगळा होता: बाहेर पडणाऱ्या बाईला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याला सुमारे अठरा वर्षे लागली. साधी बाईही वाचू शकेल अशा भाषेवर त्यांचा कटाक्ष होता. हे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, केडगावलाच छापून निघाले. एका स्त्रीने मूळ भाषांवरून एकटीने केलेले आणि स्त्रियांनीच छापलेले असे काम कुठल्याही भाषेत विरळाच.

पैशाबाबत केडगावची रीत वेगळी होती. ब्रिस्टॉलच्या अनाथालयाचे जॉर्ज म्युलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची उदाहरणे रमाबाईंपुढे होती. पगाराची हमी द्यायची नाही, कर्ज काढायचे नाही, गरज देवापुढे मांडायची आणि येईल त्यात चालवायचे, असे हे ‘श्रद्धेवर चालणारे मिशन’. परदेशातून येणाऱ्या सेविका या अटीवरच येत. व्यवहारात मात्र ही श्रद्धा छापील पत्रकांच्या आधाराने चालत होती, हे मान्य करायला हरकत नाही. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या छोट्या नियतकालिकातून केडगावची हकिगत देशोदेशीच्या वाचकांकडे जाई आणि देणग्या येत. पैसे न मागता गरज कळवण्याची ही पद्धत अनेक मिशनांनी वापरली. तिचा फायदा असा की एका मोठ्या देणगीदाराची मर्जी राखावी लागत नाही. तोटा असा की पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक कधीच पक्के नसते.

अशा व्यक्तिकेंद्री संस्थांची कसोटी संस्थापकाच्या मृत्यूनंतर लागते. मनोरमाबाई वारसदार होणार हे ठरल्यासारखेच होते, पण जुलै १९२१ मध्ये त्या गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही. कारभार लिसा हॅस्टी यांच्याकडे गेला आणि पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांतल्या साह्य मंडळांच्या जोरावर, आणि क्रमाने भारतीय पुढाऱ्यांच्या हाती येत, संस्था टिकली. दुष्काळी छावणीची मोठी वसतिगृहे मागे पडली. मुलींना सांभाळणाऱ्या ‘आई’बरोबर लहान लहान गटांत घरासारखे ठेवण्याची पद्धत आली.

आज महाराष्ट्रात अशी कोणतीही संस्था, ख्रिस्ती असो वा इतर, कायद्याच्या चौकटीत बसवावी लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी तपासलेले हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. विश्वस्त संस्थेची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. शंभर एकरांच्या संस्थेला ही तरतूद जाचक वाटू शकते, पण अनेक जुन्या संस्थांच्या जमिनी तिच्यामुळेच शाबूत राहिल्या. परदेशी देणगीसाठी विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० ची वेगळी नोंदणी लागते आणि ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा अशा देणगीच्या ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई केली आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घेणे बंधनकारक केले. परदेशी वर्गणीवर उभ्या असलेल्या मिशनांना याची झळ सर्वाधिक लागली.

मुलांबाबतचा बदल त्याहून मूलभूत आहे. रमाबाई दुष्काळी गावातून मुलगी उचलून केडगावला आणू शकत होत्या. आता बाल न्याय कायदा, २०१५ नुसार सापडलेले मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. ते कुठे राहील हे समिती ठरवते. मूल ठेवणारी संस्था नोंदणीकृतच हवी. १८९३ च्या वादात जो प्रश्न पालकांनी विचारला होता, म्हणजे मुलीच्या वतीने बोलणारे कोण, त्याचे उत्तर कायद्याने अशा रीतीने संस्थेच्या हातून काढून घेतले. ते योग्यच झाले.

केडगावची घडण हा ख्रिस्ती सेवेचा एकच नमुना नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात उभारलेले रुग्णालय परदेशी मिशन मंडळाचे अंग म्हणून वाढले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्याच, बहुधा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केले. तिथे धर्मप्रसाराचा भाग जवळपास नाही. पुण्याजवळ वढू बुद्रुकला १९९७ मध्ये सिस्टर लुसी कुरियन यांनी काढलेले ‘माहेर’ सर्वधर्मीय तत्त्वावर चालते. कोणाच्या मंडळात किती विश्वस्त, यापेक्षा निर्णय कोणाच्या हाती आणि लाभार्थ्याला नाही म्हणता येते की नाही, यावर अशा संस्थांची पारख करावी.

अशा संस्थेला मदत करू पाहणाऱ्याने धर्मादाय नोंदणी क्रमांक आणि आयकराच्या ८० जी कलमाची पावती मागावी. मूल दत्तक हवे असलेल्या दांपत्याने संस्थेच्या दारी न जाता ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी करावी. दुसरा कायदेशीर मार्ग अनाथ मुलासाठी बहुतांशी उपलब्ध नाही.