विश्लेषण : कोकण किनाऱ्याने एकट्याने सायकलप्रवास, अंतरापेक्षा खाड्यांचे गणित का महत्त्वाचे?

थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्याचे अनेक सायकलस्वार किनारी रस्त्याने गोव्याकडे निघतात. काही जण एकटेच जातात. रोज ६०-७० किलोमीटर चालवायची, आठवडाभरात गोवा, असा सोपा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात तो बिघडतो तो खाड्यांवर.

मार्ग नेमका कोणता?

रायगडमधील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने सायकलसह मांडव्याला उतरता येते. पुढे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी गावे लागतात. मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहने मोठ्या प्रमाणावर असतात. त्यामानाने हा रस्ता शांत, पण अरुंद आणि वळणांचा आहे.

खाड्या अडचणीच्या का ठरतात?

सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांनी किनारा जागोजागी कापला आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चार ठिकाणी फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. बोट काही मिनिटांत पोहोचवते, पण फेऱ्या ठरावीक वेळीच असतात. संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर मुक्काम अलीकडेच. दाभोळहून खेड, चिपळूणमार्गे गुहागर गाठायचे तर १०० किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. मोटारीला हे दोन-तीन तासांचे काम, सायकलस्वाराचा मात्र दिवस जातो.

रस्ता समुद्राकाठचा, मग चढ कुठून?

गावे आणि जेट्या समुद्रसपाटीला, तर दोन खाड्यांमधला भाग जांभ्याच्या सड्याचा. त्यामुळे खाडी ओलांडली की घाटी चढायची, सडा पार करायचा आणि पुन्हा खाली उतरायचे, असे दिवसातून अनेकदा होते. सड्यावर सावली नाही, पाणीही क्वचितच. म्हणून वाडीतून निघतानाच बाटल्या भरून घ्याव्यात आणि चढ सकाळच्या वेळी उरकावेत.

उत्तरेकडून दक्षिणेकडे का जावे?

हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून साधारण वायव्येकडून वारा सुटतो. गोव्याच्या दिशेने जाणाऱ्याला तो बराचसा पाठीशी मिळतो, तर परतीच्या दिशेने तोच अंगावर येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मार्चनंतर दमट उकाडा वाढतो आणि पावसाळ्यात उतारावरची वळणे निसरडी होतात.

एकट्याने जाताना कोणती काळजी घ्यावी?

सोबत कुणी असेल तर बिघाड झाल्यावर एक जण मदत आणायला जाऊ शकतो. एकट्याला ती सोय नाही. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान आणि साखळीची जोडकडी जवळ असावी. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूबला वाटेतल्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही, त्यासाठी छोटा जोड ठेवावा. घाट्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. घरगुती खाणावळीत फोन करून सांगितले तरच जेवण मिळण्याची खात्री असते. त्याच फोनवर मुक्कामी किती वाजता पोहोचणार हेही सांगावे. उशीर झाला तर चौकशी करणारे कुणीतरी असते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा आणि अंधारात सायकल चालवणे टाळावे.

पूल झाल्यावर काय बदलेल?

या खाड्यांवरील पुलांची जबाबदारी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. पूल झाले की फेरीची वाट पाहणे संपेल आणि पलीकडच्या गावांना रुग्णालय, बाजार जवळ येईल. सायकलस्वाराचा वेळही वाचेल. मात्र सलग रस्ता मिळाल्यावर मोटारी आणि ट्रकही इकडे वळतील. आज बोटीच्या फेऱ्यांमुळे वाहतुकीला जो लगाम आहे, तो सुटेल. नव्या रस्त्याला पुरेशी बाजूपट्टी मिळते की नाही, यावर एकट्या सायकलस्वाराची सुरक्षितता अवलंबून राहील.

तोवर नियोजन कसे करावे?

आधी फेऱ्यांच्या वेळा स्थानिकांकडून विचारून घ्याव्यात, मग मुक्काम ठरवावेत. शक्यतो खाडी ओलांडूनच मुक्काम करावा, म्हणजे सकाळ बोटीची वाट पाहण्यात जात नाही. एक दिवस राखीव ठेवावा. रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला लागतो. तो नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात आहे. तेथून केरीला जायलाही फेरीबोटच आहे, तेव्हा तिचीही वेळ आधीच पाहून ठेवावी.