उन्हाळाभर झोपणारं फूल

जगातल्या केशराचा सर्वांत मोठा वाटा पिकतो इराणच्या खोरासानात, वाळवंटाच्या कडेला. तिथल्या गुनाबादेत वर्षाकाठी 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या माणदेशात याहून कितीतरी जास्त पडतो! मग इतकं नाजूक फूल तिथे तगतं कसं?

ते उन्हाळाभर झोपतं. वसंत सरता सरता पानं वाळून जातात आणि शेत उजाड दिसू लागतं. वर माती भाजून निघत असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत खालच्या लहानशा कंदाच्या पोटात पुढच्या हंगामाची फुलं घडत असतात, थेंबभर पाणी न मागता. ऑक्टोबरात शेताला पहिलं पाणी मिळालं की काही दिवसांतच ती जांभळी फुलं माती फोडून वर येतात, बहुधा पानांच्याही आधी. पुढची पाणी मागणारी वाढ सगळी थंडीत होते, ऊन पाणी पिऊन टाकत नाही तेव्हा.

फुलं पहाटेच, उमलण्याआधी खुडतात. प्रत्येकात लाल तंतू तीनच. ग्रॅमभर केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. ताज्या तंतूंना तो ओळखीचा गंध जवळपास नसतोच. तंतू वाळताना त्यांतलं कडू द्रव्य मोडतं आणि त्यातून सुगंध जन्मतो. शिवाय केशराला बी धरत नाही. त्याच्या गुणसूत्रांचे संच तीन असल्यानं ते वांझ आहे. हजारो वर्षं माणसानं कंद उकरून पुन्हा लावले, म्हणून ते आज आहे.

आणि ऑक्टोबरचं ते पाणी? ते येई कनातीतून, म्हणजे डोंगराच्या पोटातलं भूजल नुसत्या उतारानं गावापर्यंत आणणाऱ्या भुयारातून. गुनाबादची कनात सुमारे 33 किलोमीटर लांब आहे आणि तिचं वय अडीच हजार वर्षांच्या घरात. 2016 साली युनेस्कोनं ती जागतिक वारसा यादीत घेतली. पाण्याच्या पाळ्या मोजायला भोकाचं वाडगं मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडत. ते भरून बुडालं की वेळ मोजली जाई. लग्नमुहूर्तासाठी मांडलं जाणारं आपलं घटिकापात्र, तेच तिथे शेताच्या बांधापाशी!

कनातीला झिरपेल तेवढंच पाणी मिळतं, त्याहून जास्त ओढताच येत नाही. पंपाच्या विहिरींना ही मर्यादा नाही. खोरासानात त्या खोल गेल्या, भूजल खाली गेलं आणि अनेक कनाती कोरड्या पडल्या.