सावज कुणाचं?

युरोपीय संघात 14 जुलै 2025 पासून लांडगा एक पायरी खाली उतरला. 'काटेकोर संरक्षित' असलेला हा प्राणी आता नुसता 'संरक्षित' आहे. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांचं डॉली नावाचं तट्टू 2022 मध्ये लांडग्याने मारलं, ती गोष्ट एव्हाना सगळ्यांची वाचून झाली असेल. ती इथे नको. मेंढपाळांचं गाऱ्हाणं रास्त आहे आणि समजायला सोपंही. मला कुतूहल आहे ते शिकाऱ्यांचं. त्यांची ना मेंढी जाते ना गाय, तरी या निर्णयावर ते उघडपणे खूश आहेत.

कारण सरळ आहे. रानातलं हरीण ते आपलं समजतात. जर्मनीत शिकारी वर्षानुवर्षांच्या भाडेकराराने शिकारक्षेत्र घेतो आणि हरणं-रानडुकरांनी शेताची नासधूस केली तर भरपाई बहुधा त्याच्याच खिशातून जाते. एवढा खर्च केल्यावर फुकटा वाटेकरी आला की कपाळाला आठी पडणारच. या मंडळींचं आवडतं उदाहरण उत्तर जर्मनीतल्या ग्योर्डेच्या जंगलाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे शिकारीसाठी भूमध्य समुद्रातल्या बेटांवरच्या मुफ्लॉन रानमेंढ्या आणून सोडल्या होत्या. लांडगे परतले आणि काही वर्षांत त्या संपल्या. उदाहरण खरं आहे. पण मुफ्लॉन ही कड्यावर चढून जीव वाचवणारी जात. ग्योर्डेच्या सपाटीवर तिने कडा कुठून आणायचा?

शिकाऱ्यांची बाजू याहून भक्कम दिसते ती अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, लोलोच्या डोंगराळ पट्ट्यात. 1980 च्या दशकाअखेर इथे सोळा हजारांच्या आसपास एल्क हरणं होती. 1995-96 मध्ये कॅनडातून आणलेले 35 लांडगे मध्य आयडाहोत सोडले. 2010 च्या मोजणीत एल्क उरले जेमतेम दोन हजार. हे आकडे शेजारी-शेजारी मांडले की खटला संपला, असं तिथल्या शिकाऱ्याला वाटतं. राज्याच्या वन्यजीव खात्यानेही एल्कच्या माद्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून पाहिलं, तेव्हा त्यांच्या मृत्यूमागे मोठा हात लांडग्यांचाच निघाला. शिकारी मनचं काही सांगत नव्हते.

आता याच लोलोची जुनी हकीकत. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेत निघालेली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी सप्टेंबर 1805 मध्ये इथून गेली, तेव्हा शिकार मिळेना म्हणून बरोबरची शिंगरं मारून खायची पाळी तिच्यावर आली. दाट सूचिपर्णी रानात एल्कने खावं असं फारसं काही उगवतच नव्हतं. मग ऑगस्ट 1910 मध्ये वणवा पेटला. दोन दिवसांत आयडाहो आणि मोंटाना मिळून सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. जळक्या उतारांवर झुडपं फुटली, एल्क वाढले, आणि आजचा शिकारी ज्यांना 'पूर्वीचे दिवस' म्हणतो ते आले. पुढे झाडं पुन्हा दाटली, चारा घटला. काळी अस्वलं आणि प्यूमा पाडसं उचलत होतेच. त्यात 1996-97 चा हिवाळा कळपाला फार जड गेला. लांडगा आला तो उतरणीला लागलेल्या कळपावर. 2014 मध्ये हेलिकॉप्टरमधून 23 लांडगे टिपले, तरी एल्क जुन्या आकड्याच्या जवळपासही परतले नाहीत.

आणि अख्ख्या राज्यात? 2014 नंतर अनेक वर्षं आयडाहोच्या शिकाऱ्यांनी दर हंगामात वीस हजारांहून जास्त एल्क मारले. तरीही 2021 मध्ये विधिमंडळाने लांडग्यांच्या शिकारीवरची बरीचशी बंधनं उठवली. एका खोऱ्याचं दुखणं साऱ्या राज्याच्या माथी मारायचं, हे राजकारण आपल्यालाही अनोळखी नाही.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला एक अभ्यास मला याहून बोलका वाटतो. तिथल्या एल्कच्या उत्तर कळपातल्या ज्या प्रौढ माद्या लांडग्यांनी मारल्या, त्यांचं सरासरी वय चौदाच्या आसपास निघालं. उद्यानाच्या हद्दीबाहेर शिकाऱ्यांनी मारलेल्या माद्यांचं साडेसहा. एकीचे दात झिजलेले, विणं मंदावलेलं. दुसरी भर उमेदीतली. कळपाला कुणाचा घाव जास्त लागतो, हे सांगायला प्राणिशास्त्राची पदवी लागू नये.

आपल्याकडे हाच वाद रानकुत्र्यावरून होऊन गेला. कुठे कोळसून म्हणा, कुठे कोळसुंदा. मध्य प्रांतात इंग्रज साहेबाला शिकारीसाठी जंगलाचा एखादा 'ब्लॉक' मिळे, तोही ठरावीक दिवसांच्या परवान्यावर. रजा मोजकी. मचाण बांधलेलं, रेडकू बांधलेलं, आणि नेमकी तेव्हाच कोळसुंद्यांची टोळी शिट्ट्या घालत खोऱ्यात उतरायची. चितळं पसार, सांबरं पसार, वाघाचीही चाहूल नाही. रजा पाण्यात. साहेबांच्या शिकारकथांमध्ये या जनावराच्या वाट्याला इतक्या शिव्या आल्या, त्याचं मूळ मला या वाया गेलेल्या रजेत दिसतं. हे जनावर सावजाला जिवंतपणीच खायला लागतं, हे क्रौर्यही त्याच्या नावे मांडलं गेलं. हे कुत्रे झुडपांवर मुततात आणि त्याने सावज आंधळं होतं, ही रानातली समजूत वर होतीच. सरकार इनाम देत असे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यापर्यंत हा प्राणी उपद्रवीच गणला जात होता.

साहेबाने पाहिलं ते खोटं नव्हतं. रान खरंच रिकामं झालं होतं, त्याच्या परवान्यापुरतं. टोळी पुढे सरकली की चितळं परतत, पण तोवर साहेब छावणीत परतलेला. आयडाहोतही तेच. लांडग्यांच्या भीतीने एल्क उघड्या कुरणांतून दाट झाडीत शिरतात, आणि काही आठवड्यांच्या हंगामात शिकाऱ्याला ते दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणजे संपले, असा हिशेब तो करतो. वन्यजीव अभ्यासक ए. जे. टी. जॉनसिंग 1976 ते 78 बंदीपूरच्या जंगलात रानकुत्र्यांमागे सलग राहिले, म्हणून त्यांना पूर्ण चित्र दिसलं. तिथे चितळंही होती, वाघ-बिबटेही आणि रानकुत्रेही. इनाम वाटणाऱ्यांपैकी कुणी इतका वेळ काढला असता तर बरं झालं असतं. 2015 च्या जागतिक अंदाजात विणीयोग्य प्रौढ रानकुत्रे 949 ते 2,215 एवढेच धरले आहेत.

विदर्भात आज हरणं घटल्याची ओरड कुणी करत नाही. रोही आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत, त्यांना मारायची परवानगी द्या, अशी अर्जविनंती वनखात्याकडे होते. त्या शेतकऱ्याला बांधावर कोळसुंद्यांची टोळी चालेल का, हे त्याला विचारून पाहावं. त्याच्या गोठ्यात शेळ्याही आहेत.